संवाद, सर्वनाम आणि पद : फोर्ट विल्यमच्या मराठी गद्याच्या निमित्ताने व्यवहार-विश्लेषणाचा विचार

१

मराठी समीक्षेत मानसशास्त्राचा प्रवेश झाला तो मुख्यतः मनोविश्लेषणाच्या वाटेने. फ्रॉइड, ॲडलर आणि युंग ही नावे समीक्षकांच्या लेखणीवर रुळली आणि त्यांच्याबरोबर एक सवयही रुळली. लेखकाच्या अथवा पात्राच्या अंतर्मनात काय दडले आहे याचा शोध घेणे, हेच मानसशास्त्रीय समीक्षेचे कार्य होय, असे मानले जाऊ लागले. या शोधाने काव्याच्या आणि कादंबरीच्या आकलनात भर पडली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाटकाच्या, किंबहुना संवादावर उभ्या असलेल्या कोणत्याही लेखनाच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. संवाद एका मनात घडत नाही. तो दोन माणसांच्या मध्ये घडतो. बोलणाऱ्याचे अंतर्मन कितीही खणून काढले तरी समोरच्याने तेच उत्तर का दिले, आणि त्या उत्तराने पहिला माणूस गप्प का झाला, याचा उलगडा त्यातून होत नाही.

एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने या मधल्या घटनेलाच आपल्या विचाराचे एकक मानले. एकाने काही बोलावे अथवा करावे आणि दुसऱ्याने त्याला प्रतिसाद द्यावा, एवढ्या लहान देवघेवीला त्याने व्यवहार म्हटले आणि अशा व्यवहारांच्या पृथक्करणाची एक पद्धती सिद्ध केली. ही पद्धती रुग्णांच्या गटांवर उपचार करण्यासाठी जन्मली. पण तिचे द्रव्य भाषाच असल्यामुळे समीक्षकाला ती परकी वाटू नये. प्रश्न आहे तो तिच्या मर्यादेचा. ज्या ठिकाणी बोलणाऱ्या दोघांपैकी एक राज्यकर्ता आणि दुसरा त्याचा चाकर असतो, त्या ठिकाणचे बोलणे ही पद्धती कितपत उलगडू शकते? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयाच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत आणि बंगालीत जे संवाद व ज्या कथा छापल्या गेल्या, त्या या प्रश्नाची कसोटी म्हणून घेता येतील. त्या कसोटीवर बर्नचे साधन उपयुक्त ठरते. मात्र त्यात एक महत्त्वाची दुरुस्तीही करावी लागते.

२

बर्नचा जन्म १९१० साली कॅनडातील माँट्रिऑल येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो अमेरिकेत गेला आणि मनोविश्लेषक होण्यासाठी त्याने दीर्घ काळ अभ्यास केला. तथापि १९५६ मध्ये मनोविश्लेषकांच्या संस्थेने त्याला सदस्यत्व नाकारले. त्यानंतर त्याची स्वतंत्र मांडणी आकाराला आली. १९६१ मध्ये तिचा शास्त्रीय ग्रंथ निघाला. १९६४ मध्ये 'गेम्स पीपल प्ले' हे पुस्तक निघाले आणि त्याने सामान्य वाचकांतही मोठी लोकप्रियता मिळवली. १९७० साली बर्न निवर्तला. त्याचा अखेरचा मोठा ग्रंथ त्याच्या पश्चात १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्येक माणसात तीन अहंस्थिती नांदतात, असे बर्न सांगतो. लहानपणी आईवडिलांकडून आणि वडीलधाऱ्यांकडून जे आदेश, निषेध, माया आणि मते आत्मसात झाली, त्यांची स्थिती म्हणजे पालक. लहानपणी आपण स्वतः जसे भ्यालो, रुसलो, हट्ट केला, आनंदलो, त्या अनुभवांची जिवंत राहिलेली स्थिती म्हणजे बालक. समोरची वस्तुस्थिती पाहून, तोलून निर्णय करणारी ती तिसरी स्थिती. तिला 'प्रौढ' म्हणण्याचा मोह होतो. पण प्रौढ हा शब्द वयाकडे ओढतो आणि सात वर्षांच्या मुलातही ही स्थिती असते, असे बर्नचे म्हणणे आहे. मराठीतला 'जाणता' हा शब्द येथे अधिक नेमका वाटतो. या तीन स्थिती फ्रॉइडच्या मनोविभागांची नुसती नावे बदलून केलेली आवृत्ती नव्हेत. त्या शब्दांत, स्वरात आणि हावभावात प्रत्यक्ष दिसतात, ऐकू येतात. आणि म्हणूनच वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांचा उपयोग आहे.

एक घरगुती प्रसंग घ्यावा. पावसाळ्यात कामावर निघालेला मुलगा विचारतो, "माझी छत्री कुठे आहे?" वडील म्हणतात, "दाराआड आहे." जाणत्याने विचारले, जाणत्याने उत्तर दिले, हा समांतर व्यवहार झाला. वडील जर म्हणाले, "स्वतःची वस्तू स्वतःला सांभाळता येऊ नये?" तर प्रश्न जाणत्याचा आणि उत्तर पालकाचे; येथे व्यवहार छेदला गेला आणि संभाषण तरी थांबेल किंवा भांडणाकडे वळेल. परंतु वडील जर शांतपणे म्हणाले, "दाराआडच आहे, रोजच्यासारखी," तर शब्द जाणत्याचे आणि त्याखालचा निरोप पालकाचा. हा दुहेरी, म्हणजे गर्भित व्यवहार होय. समांतर व्यवहार कितीही वेळ चालू शकतो, छेद गेला की तो अडखळतो, आणि गर्भित व्यवहाराचा शेवट वरच्या शब्दांनी ठरत नसून खालच्या निरोपाने ठरतो, हे बर्नचे तीन नियम. संवाद लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाला ते न शिकता ठाऊक असतात.

पुढच्या कल्पना याच पायावर रचलेल्या आहेत. दुसऱ्याने आपली दखल घ्यावी ही माणसाची भूक आहे. तान्ह्या मुलाला जसा स्पर्श हवा असतो तशी मोठ्याला विचारपूस हवी असते. आपली पाठ थोपटली जावी, निदान आपल्याला कोणी रागे तरी भरावे, पण अदखल राहू नये, अशी ही गरज. गर्भित व्यवहारांची ठरीव मालिका होऊन तिच्या शेवटी एखाद्याला छुपी कमाई होत असेल तर बर्न तिला खेळ म्हणतो. मराठीत त्याला 'डाव' म्हणणे अधिक योग्य, कारण डाव साधला जातो, त्यात हेतू असतो आणि फसगतही असते. आपण बरे की वाईट, इतर बरे की वाईट, याविषयी माणूस बालपणीच एक भूमिका घेतो. आणि त्या भूमिकेवरून आपल्या आयुष्याची एक संहिताही रचून ठेवतो. सटवाई सहाव्या दिवशी कपाळी लिहून जाते या आपल्याकडील समजुतीशी ही कल्पना ताडून पाहण्यासारखी आहे. लेख दोहींकडे आयुष्याच्या आरंभीच लिहिला जातो. परंतु सटवाईचा लेख पुसता येत नाही, आणि बर्नच्या मते संहिता मुलाने स्वतःच, आईबापांच्या सांगण्यावरून लिहिलेली असल्यामुळे जाणता तिच्यात बदल करू शकतो. त्याच्या सर्व उपचाराचा भरवसा या एका विश्वासावर आहे.

३

आता कलकत्त्याकडे वळावे. फोर्ट विल्यम महाविद्यालय या नावामुळे ते किल्ल्याच्या तटांच्या आत होते असा समज होतो. वस्तुतः ते शहरात, रायटर्स बिल्डिंगच्या परिसरात होते. किल्ल्याचे नाव त्याला मिळाले ते कंपनीच्या बंगालमधील सत्तेचे नाव म्हणून. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० साली ते स्थापन केले आणि स्थापनेची तिथी म्हणून ४ मे हा दिवस ठरवला. आदल्या वर्षी त्याच दिवशी श्रीरंगपट्टण पडले होते. इंग्लंडहून सोळा-अठरा वर्षांचे जे तरुण कारकून म्हणून येत आणि पुढे न्यायाधीश, जमाबंदीचे अधिकारी होत, त्यांना देशी भाषा शिकवणे हा या संस्थेचा हेतू. १८०१ मध्ये विल्यम कॅरे हा मिशनरी तेथे बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला. १८०४ पासून मराठीचे अध्यापनही त्याच्याकडे आले. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे गेला होता, हे येथे ध्यानात ठेवावे.

१८०५ मध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून कॅरेचे मराठी व्याकरण निघाले आणि त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते. १८१० मध्ये त्याचा मराठी कोश मोडी ठशांत छापून निघाला. या कामी त्याचा साहाय्यक होता महाविद्यालयातील मराठी पंडित वैजनाथ. कॅरेने आपले आयुष्य बंगालमध्ये घालवले. तेव्हा जी मराठी त्या पानांवर उतरली ती वैजनाथासारख्यांच्या तोंडून आलेली, हे उघड आहे. मराठी मुद्रित गद्याचा आरंभ सांगताना वाङ्मयेतिहासकार या पुस्तकांची नोंद करतात आणि भाषा ओबडधोबड आहे असा शेरा मारून पुढे जातात. तो शेरा अन्यायाचा नसला तरी त्यामुळे एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. या संवादांत कोण कोणाशी बोलते, आणि कोणत्या स्थितीतून?

या संवादांचा नमुना कॅरेच्याच १८०१ च्या बंगाली 'कथोपकथन' या पुस्तकात आढळतो. त्यात चाकर नेमणे, साहेबाचे हुकूम, साहेब आणि मुनशी, सावकार आणि ऋणको, जमीनदार आणि रयत, मजुरांचे बोलणे, लग्नाची मध्यस्थी, बायकांचा बाजार आणि भांडण असे विषय आहेत. हे संवाद आपण काही समंजस देशीय माणसांकडून रचवून घेतले, असे कॅरे प्रस्तावनेत सांगतो. या एका वाक्यात आपल्या विषयाचे मर्म आहे. साहेबाने हुकूम कसा करावा हे पुस्तकात लिहिले ते साहेबाने नव्हे; ज्याला हुकूम झेलावा लागतो अशा माणसाने ते लिहिले. पालकाचा स्वर येथे बालकाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाने टिपून ठेवला, आणि परदेशातून आलेल्या मुलाने तो पाठ करून खरा पालक होण्याचा अभ्यास केला.

बर्नच्या नियमांनी पाहिले तर या पुस्तकांतील अधिकाराचे संवाद बहुधा समांतर असणार, हे आधीच सांगता येते. हुकूम आणि होकार, चौकशी आणि माहिती, असेच त्यांचे रूप असते. भाषा शिकणाऱ्याला पुढचे उत्तर काय येईल हे माहीत असावे लागते. छेद जाणारे उत्तर त्याच्या कामाचे नाही. राज्यकर्त्याच्या संभाषणपुस्तकात चाकर उलटून बोलला तर पुस्तकाचा हेतूच ढळेल. याउलट, जेथे साहेब हजर नाही अशा बाजारातील आणि भांडणातील संवादांचा जिवंतपणा बंगाली वाङ्मयेतिहासकारांनी वाखाणला आहे. तेथे व्यवहार छेदले जातात, टोमणे बसतात, एकाचा डाव दुसरा ओळखतो. म्हणजे एकाच पुस्तकात, कदाचित एकाच लेखणीतून, दोन प्रकारचे बोलणे उतरले आहे. साहेबासमोरचे बोलणे सपाट आहे, आणि साहेबाच्या पाठीमागचे बोलणे नाट्यपूर्ण आहे. या फरकाचे कारण पात्रांच्या मनोरचनेत शोधणे व्यर्थ होय. ते कारण खोलीत कोण बसले आहे यात आहे.

४

येथे बर्नच्या मांडणीतील पहिली उणीव दिसू लागते, आणि ती दाखवून देते ती आपल्या भाषांची सर्वनामे. बर्नने इंग्रजीत विचार केला. त्या भाषेत समोरच्यासाठी एकच सर्वनाम आहे. त्यामुळे बोलणारा कोणत्या स्थितीतून बोलतो हे स्वरावरून आणि शब्दांच्या निवडीवरून ओळखावे लागते. मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांपैकी एकाची निवड पहिल्याच वाक्यात करावी लागते, आणि क्रियापदही तिच्या मागोमाग जाते. बंगालीत तुइ, तुमि आणि आपनि अशा तीन पायऱ्या आहेत. 'अरेतुरे करणे' आणि 'अहोजाहो करणे' अशी दोन क्रियापदेच मराठीने घडवली आहेत. व्यवहाराचे विश्लेषण आपल्या व्याकरणाने बर्नच्या कितीतरी आधी करून ठेवले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु सर्वनाम म्हणजे अहंस्थिती नव्हे. मूल आईला तू म्हणते ते जवळिकीने. धनी गड्याला तू म्हणतो ते दर्जाने. संतांनी विठ्ठलाला तू म्हटले ते भक्तीने, आणि त्याच तू-कारातून त्याला रागेही भरले. तीन ठिकाणी एकच रूप, आणि त्यामागे तीन निराळ्या वृत्ती. उलट, घरात ज्याला नित्य तू म्हटले जाते त्याला एखाद्या दिवशी कोणी "आपण यावे" असे म्हणाले, तर आदराचे रूप वापरून अनादर केला जातो. सर्वनाम पद सांगते; स्वर वृत्ती सांगतो. या दोहोंत जे अंतर पडते त्यातच उत्तम संवादाचे सामर्थ्य असते. बर्नच्या आकृतीत पालक, जाणता आणि बालक अशी तीन वर्तुळे एकाखाली एक असतात. मराठी संवाद वाचताना त्या आकृतीच्या बाजूला पदाची आणखी एक रेषा काढावी लागते.

ही गोष्ट अनुवादकाला प्रत्यही जाणवते. इंग्रजी नाटकातील नोकर आणि मालकीण एकमेकांना एकाच सर्वनामाने संबोधतात, आणि त्यांच्यातला ताण केवळ स्वरात राहतो. मराठी करताना प्रत्येकाला सर्वनाम द्यावेच लागते. आणि ते देताच मुळात संदिग्ध राहिलेला संबंध निश्चित होऊन बसतो. नोकराला सर्वत्र नम्र 'आपण' दिले की त्याचा जाणता हरवतो आणि वाचकाच्या हाती लाचार बालक येतो. चूक भाषेची नसते. पदाला वृत्ती समजण्याची ती चूक असते.

५

फोर्ट विल्यममध्ये या पदांचा आणखी एक गुंता होता. पंडित आणि विद्यार्थी यांच्या नात्यात पंडित गुरू, म्हणून पालकाच्या जागी; पण चाकरीच्या नात्यात तोच विद्यार्थी उद्याचा अधिकारी, आणि पंडित आज्ञेचा बांधील. १८०१ च्या बंगाली विभागात कॅरेला दरमहा पाचशे रुपये, मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकाराला दोनशे आणि रामराम बसूसारख्या पंडितांना चाळीस रुपये मिळत, या आकड्यांत ती उतरंड स्पष्ट आहे. आणि तरीही शब्दाचे लिंग कोणते, क्रियापदाचे रूप कोणते, हे ठरवताना दोघांनाही जाणत्याच्या स्थितीतच बोलावे लागे. व्याकरण हा असा एक प्रदेश होता की जेथे साहेबाला पंडिताचे म्हणणे मानण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुखपृष्ठावर मात्र नाव आले ते कॅरेचे. दखल घेतली जाण्याची माणसाची भूक बर्नने सांगितली. ती दखल कोणाच्या वाट्याला किती यावी हे मनाने ठरत नाही, संस्थेने ठरते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात पुरेशी आलेली नाही.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयासाठी छापल्या गेलेल्या मराठी कथा वाचण्यासारख्या आहेत. १८१४ मध्ये 'सिंहासन बत्तिशी' आणि १८१५ मध्ये 'हितोपदेश' निघाला. बंगालीत मृत्युंजयाने याच दोन कथांची रूपांतरे आधी, १८०२ आणि १८०८ मध्ये, केली होती. बर्नच्या अनुयायांनी परीकथांतून जीवनसंहितांचे नमुने शोधले. स्टीफन कार्पमन याने १९६८ मध्ये छळणारा, सोडवणारा आणि बळी असा एक त्रिकोण मांडून, पात्रे या तीन कोनांवर जागा बदलतात तेव्हा नाट्य निर्माण होते, असे दाखवले. आपल्या कथांना ही फूटपट्टी लावता येईल. परंतु तिने कथेची चौकट मोजली जात नाही, आणि येथे अर्थ चौकटीतच आहे.

'हितोपदेशा'च्या चौकटीत पाटलिपुत्राचा राजा सुदर्शन आपल्या अशिक्षित पुत्रांच्या चिंतेने ग्रासलेला आहे, आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतीत निष्णात करण्याचे वचन देतो. 'सिंहासन बत्तिशी'त विक्रमाच्या सिंहासनावर चढू पाहणाऱ्या भोजाला एकेक पुतळी अडवते आणि विक्रमाचे औदार्य तुझ्या ठायी आहे काय, असे विचारते. आता ही पुस्तके हाती घेऊन बसलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. तो परक्या देशात राज्य करण्यासाठी आलेला, विद्येने अपुरा, वयाने कोवळा. आणि त्याच्यासमोर बसलेला पंडित त्याला वाचून दाखवतो आहे ती अडाणी राजपुत्रांची आणि दुसऱ्याच्या सिंहासनावर बसू पाहणाऱ्या राजाची गोष्ट. वरवर पाहता हा भाषेचा धडा आहे. त्याखाली एक दुसरा निरोप ऐकू येतो की नाही?

येथे समीक्षकाने संयम राखला पाहिजे. वैजनाथाने अथवा मृत्युंजयाने हा निरोप योजून पाठवला, असे म्हणण्यास आधार नाही. या कथा पाठ्यपुस्तके म्हणून सर्वत्र परिचित होत्या आणि त्यांची निवड महाविद्यालयाच्या सोयीने झाली असावी. परंतु गर्भित व्यवहाराला हेतूची आवश्यकता असतेच असे नाही. संहिता आणि प्रसंग यांच्या भेटीतूनही तो निर्माण होऊ शकतो. ज्या पंडिताला साहेबाशी बोलताना आपल्या पदाबाहेर जाता येत नव्हते, त्याला विष्णुशर्म्याच्या आणि पुतळ्यांच्या तोंडून बोलताना ती अडचण नव्हती. प्राचीन कथेने त्याला पालकाचा स्वर उसना दिला.

६

यावरून जी दुरुस्ती निष्पन्न होते ती अशी. बर्नची पद्धती गृहीत धरते की जाणत्याने जाणत्याशी बोलण्याची वाट प्रत्येकाला खुली आहे आणि ती न घेणे हा मनाचा अडथळा आहे. उपचारक आणि रुग्ण यांच्यात उघड करार व्हावा, दोघांनी समान पातळीवर बोलावे, हा तिचा उदात्त आग्रह आहे. महायुद्धोत्तर कॅलिफोर्नियातील गटोपचारात तो साधताही येत होता. परंतु ज्या संभाषणात एकाला दुसऱ्याची चाकरी काढून घेता येते, त्यात नम्र बोलणारा बालकाच्या स्थितीत आहे असे म्हणणे म्हणजे त्याच्या व्यवहारज्ञानाला दुबळेपणा ठरवणे होय. "जी हुजूर" म्हणणारा माणूस अनेकदा पूर्ण जाणता असतो. काय बोलले असता पोट चालेल, हे त्याने नीट तोललेले असते.

मग वृत्ती आणि पद यांची निवड समीक्षकाने कशी करावी? फोर्ट विल्यमच्या संवादपुस्तकांतूनच एक सोपी कसोटी मिळते. समोरचा माणूस बदलताच बोलणे बदलत असेल तर ते पदाचे बोलणे. समोर कोणीही असले तरी जे बदलत नाही ते वृत्तीचे. साहेबापुढे सपाट बोलणारी भाषा बाजारात सळसळू लागते, याचा अर्थ ती माणसे लाचार नव्हती. त्यांना लाचारीची जागा नेमून दिलेली होती.

या कसोटीने पुढच्या मराठी संवादवाङ्मयाकडे पाहिले असता एक परंपरा दृष्टीस येते. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. त्यात जोशी एका कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांचे भय घालून त्या कुटुंबाला खर्चात आणि कर्जात लोटतो. बर्नच्या परिभाषेत हा डावच होय : वर शास्त्राची माहिती, खाली भीती, आणि शेवटी जोशाची कमाई. पण येथे कमाई मनातली नाही, रोख आहे. आणि कुणब्याचे बालक जागे होते ते जोशाच्या पदामुळे. विदूषक मधून मधून डाव उघडा करीत राहतो, आणि अखेरीस ते जोडपे शाळेकडे वळते. संहिता बदलते; पण ती आत्मपरीक्षणाने नव्हे, विद्येने. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद आहे. रूप गुरुशिष्याचेच, परंतु शिष्याचे प्रश्न त्याला हळूहळू पाठांतरातून जाणतेपणाकडे नेतात. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी छापला गेलेला संवाद हा लेखनप्रकार अडुसष्ट वर्षांनी अंकितांच्या हाती आला आणि त्यातील समांतर व्यवहाराला त्यांनी छेद दिला.

विजय तेंडुलकरांचे १९६७ चे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे तर या पद्धतीसाठीच लिहिले असावे असे वाटते. बर्नच्या १९६४ च्या पुस्तकात 'कोर्ट' नावाचा एक डाव आहे : एकाने फिर्यादी व्हावे, दुसऱ्याने आरोपी, तिसऱ्याला न्यायाधीश करावे, आणि निवाड्याच्या नावाखाली पहिल्याने आपले समाधान मिळवावे. तेंडुलकरांच्या नाटकमंडळींचा अभिरूप खटला असाच गमतीने सुरू होतो आणि प्रत्येकजण लीला बेणारेकडून आपापल्या वैफल्याची कमाई वसूल करतो. या पात्रांच्या बाबतीत बर्नचे विश्लेषण पुरेपूर लागू पडते, कारण सुखात्मे, काशीकर, पोंक्षे यांचे क्रौर्य त्यांच्या पदाने लादलेले नाही. ते त्यांच्या वृत्तीतून येते. बेणारेच्या बाबतीत मात्र ते अपुरे आहे. तिची नोकरी जाणार आहे, तिच्या गर्भाविषयी निवाडा दिला जातो आहे, आणि जबाबदार असलेला प्राध्यापक दामले रंगमंचावर येतही नाही. डाव सोडून उठण्याची मोकळीक बर्न प्रत्येक खेळाडूला देतो. बेणारे उठून दाराशी जाते तेव्हा दार बाहेरून अडकलेले असते.

७

फोर्ट विल्यम महाविद्यालय १८५४ मध्ये बंद झाले. हुगळीकाठचा किल्ला आज भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे आणि त्याचे नाव आता विजय दुर्ग असे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मराठ्यांच्या सागरी किल्ल्यावरून ते घेतलेले आहे. ज्या कलकत्त्याने १७४२ मध्ये मराठ्यांच्या भयाने खंदक खणला, त्याच कलकत्त्यात हे घडावे ही इतिहासाची उलटापालट लक्षणीय आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम नाव बदलल्याने संपत नाही. त्या महाविद्यालयाने घालून दिलेली संवादाची रीत, म्हणजे एकाने विचारावे आणि दुसऱ्याने त्याला हवे तेच सांगावे ही रीत, कचेऱ्यांत, शाळांत आणि घरांत कितपत टिकून आहे, हे पाहण्याचे काम शिल्लकच आहे. आणि त्यासाठी व्यवहार-विश्लेषण हे चांगले साधन आहे. ते हाती घेताना पद आणि वृत्ती यांतील भेद विसरू नये, एवढीच अट.

मराठी भाषेने या बाबतीत एक सोय करून ठेवली आहे. 'आपण' हे सर्वनाम समोरच्याचा आदर करण्यासाठी वापरतात, आणि बोलणारा व ऐकणारा या दोघांना एकत्र घेण्यासाठीही तेच वापरतात. "आपण बसावे" म्हणताना अंतर राखले जाते. "आपण बसू" म्हणताना ते मिटते. बर्नला जो जाणत्यांचा संवाद हवा होता त्याला पुरेसे व्याकरण या एका शब्दात आहे. एखाद्या संवादात पहिल्या 'आपण'पासून दुसऱ्या 'आपण'पर्यंत पात्रे पोचतात की नाहीत, आणि नसतील तर त्यांना कोणी अडवले, त्यांच्या मनाने की त्यांच्या पदाने, हा प्रश्न समीक्षकाने प्रत्येक वेळी विचारावयास हवा.